पंजा
‘१९६४ च्या आधीची आहे का?’ जुनी विंचेस्टर घेणारा अमेरिकन शिकारी आधी हेच विचारतो. मला हे कोडंच वाटायचं. उत्तर सापडलं ते १८९८ च्या जर्मन माउझरमध्ये.

तिच्या बोल्टला लांब पोलादी पंजा होता. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच तो त्याची कड धरायचा. घाबरून बोल्ट पुरता बंद न करताच मागे ओढला, तरी काडतूस सोबत निघे. नळीत राहून पुढच्याची वाट अडवत नसे. समोर जखमी अस्वल असताना आणखी काय हवं! घडवायला मात्र महाग, आणि सुटं काडतूस थेट नळीत टाकलं की कुरकुरणारा.

विंचेस्टरने १९३६ च्या मॉडेल ७० ला असाच पंजा दिला. १९६४ मध्ये खर्च वाचवायला काढला. नवीचा नेम काही वाईट नव्हता, बिचारी! शिकारी जुनीच शोधत राहिले. १९९० च्या दशकात पंजा परत आला.