सातबाऱ्यात 'मालक' शोधताना

मोबाइलवर महाभूलेख उघडा. विभाग पुणे, जिल्हा सातारा किंवा सांगली, मग तालुका, गाव, गट नंबर. कॅप्चा भरला की सातबारा समोर. नुसता बघायला फुकट, कचेरीत चालणारा डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. याच कागदासाठी आधीच्या पिढ्यांनी तलाठ्याच्या दाराशी किती हेलपाटे घातले, ते घरातल्या कुणा म्हाताऱ्याला विचारा.

आता त्यात 'मालक' हा शब्द शोधा. जिथे मालकाचं नाव असावं असं वाटतं, त्या रकान्याचं शीर्षक आहे 'भोगवटादार'. जुन्या उताऱ्यावर 'कब्जेदार'. म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात आहे, जो ती भोगतो, तो. भावकीतली भांडणं, बँकेचं पीककर्ज, लग्नाच्या बैठकीतली "किती एकर आहे?" ही चौकशी, सगळं या कागदावर चालतं आणि कागद मात्र मालकी हा शब्द उच्चारत नाही. हा छपाईचा घोळ नाही. हा कागद जन्माला आला तोच वेगळ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. प्रश्न होता, सारा कुणाकडून वसूल करायचा?

पेशवाईतही हिशेब होतेच. मिरासदार कोण, उपरी कोण, कुणाकडे किती बिघे, हे कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडीत लिहिलेलं असायचं. पण सरकारचा व्यवहार प्रामुख्याने गावाशी होता. पाटील-कुलकर्णी गावाचा आकडा ठरवून घेणार आणि आत वाटून वसूल करणार. १८१८ नंतर इंग्रजांना दख्खनमध्ये प्रत्येक शेतकऱ्याशी थेट हिशेब हवा होता. त्यालाच रयतवारी म्हणतात. पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने आधी प्रयत्न केला. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, अशी त्याची कल्पना होती. कागदावर ती शास्त्रशुद्ध होती. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, सारा डोईजड झाला आणि लोक जमिनी टाकून गेले.

मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडला आणि माती बघितली. रंग कसा, थर किती हात खोल, वाळू किंवा चुनखडी किती. उत्तम जमीन १६ आण्यांची, मग उतरत्या क्रमाने नऊ प्रती. मोजायला ३३ फुटांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज प्लॉटच्या जाहिरातीत जो 'गुंठा' दिसतो, तो या साखळीतून आलाय. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि सारा तीस वर्षांसाठी ठरला.

साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये डलहौसीने खालसा केलं आणि पुढच्या काळात ही साखळी कृष्णा-कोयनेच्या काठीही फिरली. तीस वर्षांनी फेरआकारणी आली की सारा चढायचा. १८७५ मध्ये पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत वाढलेला सारा होताच. त्यानंतर आलेला १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे दुखणं इथेही तेच होतं. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये साऱ्याचा बोजा आणि कुलकर्ण्याची लेखणी या दोन्हींवर त्यांचा राग आहे. लेखणीवर जास्तच, असं माझं वाचन.

या सगळ्यात सरकारने नोंदवला होता फक्त खातेदार, म्हणजे सारा भरणारा. जमीन गहाण पडली, विकली गेली, वाटण्या झाल्या, तरी दप्तरात जुनंच नाव. ते निस्तरायला १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, सहा म्हणजे फेरफार. सात आणि बारा एका कागदावर आले आणि मराठीला एक नवं नाम मिळालं.

आजही कायदा सावधच बोलतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. खरी 'आहे' असं नाही, खरी 'धरायची'. फेरफाराने मालकी मिळत नाही, तो महसुलापुरता असतो, हे न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. मालकी ठरते खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा, न्यायालयाचा हुकूम यांवरून.

मग जुनी नोंद शोधायची कुठे? इथे सांगलीकरांची खरी परीक्षा असते. सांगली जिल्हा तसा तरुण आहे. १९४९ मध्ये साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी तासगाव, वाळवा सातारा जिल्ह्यात. सांगली पटवर्धनांचं संस्थान. मिरजेच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. जत डफळ्यांचं. आटपाडी औंध संस्थानात, आणि औंध गाव स्वतः आज साताऱ्यात. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, पण जुने कागद त्या त्या कारभाराच्या रीतीने लिहिलेले राहिले. म्हणून पणजोबांची नोंद शोधताना आजचा तालुका विचारण्याआधी तेव्हा गाव कुणाच्या राज्यात होतं ते विचारावं. बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, पण उघडावं तर मोडी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली ती यामुळेच.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कऱ्हाड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथले मोर्चे मामलेदार कचेऱ्यांवर गेले. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. खेड्यातल्या माणसाला सरकार भेटायचं ते त्या कचेरीतच, साऱ्याच्या आणि नावाच्या रूपात.

नावाची खरी किंमत कळली १९५७ मध्ये. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ ला जो जमीन कसत होता, तो कूळ खरेदीदार मानला जाणार होता. आता कसत कोण होतं, हे दाखवायला पुरावा काय? बारा नंबरचा, पीकपाहणीचा रकाना. एरवी त्याकडे कोण बघतं! पण तिथे कुळाचं नाव लागलेलं असेल तर जमीन, नसेल तर वर्षानुवर्षांचे खेटे. ज्याने नाव लिहायचं तो गावातलाच, आणि जमीनदारही गावातलाच. पुढचं सांगायला नको.

त्याच काळात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्यावर सापडत नसेल तर घाबरू नका, एकत्रीकरणाचा उतारा मागवा. क्षेत्रही एकर-गुंठ्यातून हेक्टर-आरमध्ये गेलं. गुंठा आणि आर जवळपास सारखेच, म्हणून लोक अजूनही बिनधास्त गुंठेच बोलतात.

आता सगळ्यात बोलकी अक्षरं. जुन्या उताऱ्यावर एखाद्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसेल. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाप वारला, चार भावंडं मागे राहिली, नाव लागलं थोरल्याचं. साऱ्याच्या दृष्टीने हे पुरेसं होतं. वसुलीला एक माणूस हवा, चार कशाला? पण पन्नास वर्षांनी थोरल्याची नातवंडं म्हणतात, सातबारा आमचाच आहे की. धाकट्यांच्या घरी मग तो जुना फेरफार शोधायची धावाधाव सुरू होते, कारण 'मॅनेजर' हा शब्द तिथे लिहिलेला असतो आणि नव्या उताऱ्यात कधी कधी गळालेला असतो.

आणि बहिणी? त्या सारा भरणाऱ्यांत धरल्याच गेल्या नाहीत. त्यांची नावं पुष्कळदा 'इतर हक्क' या बाजूच्या रकान्यात, कर्जाच्या बोजाशेजारी, नाहीतर कुठेच नाहीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'तून बायकांच्या नावे जमीन करायचा आग्रह धरला. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला. तरी प्रथा चिवट आहे. बाप गेला की वर्षभरात बहिणीला माहेरी बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. हिस्सा कायद्याने असतो. नाव मात्र कुणीतरी वर्दी दिल्यावर लागतं.

कराचं म्हणाल तर मूळ गोष्टच आटून गेली आहे. गाव नमुना आठ-अ काढा. एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन त्यात एकत्र दिसते, शेजारी 'आकार' आणि उपकर. आकडे बहुधा रुपया-पैशांत. ज्या साऱ्यापायी लोकांनी गाव सोडलं, तो आज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, चहाच्या पैशांत भरला जातो. घराचा कर वेगळा. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात मिळकत पत्रिका आणि पालिकेची घरपट्टी. घरपट्टीची पावती हासुद्धा मालकीचा पुरावा नव्हे, तिचा जन्मही वसुलीसाठीच.

तुमच्या गटावर नवा फेरफार धरला गेला, तर तो 'आपली चावडी' या पानावर दिसतो. पूर्वी ही नोटीस चावडीच्या भिंतीवर चिकटवायचे आणि पुण्या-मुंबईत नांदणाऱ्या लेकीला ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आता ती फोनवर बघता येते. नोटिशीनंतर हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतो. न आल्यास नोंद मंजूर होते आणि तिथून पुढे कलम १५७ प्रमाणे ती खरी धरली जाते.