ऑपरेशन यशस्वी! पण किती वर्षांसाठी?

१९८१ साली एकाच आजारावर दोन लेख प्रसिद्ध झाले. एक ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांच्या नाकातून रात्रभर हलक्या दाबाने हवा सोडली आणि झोपेत बंद पडणारा त्यांचा श्वास चालू राहिला. दुसरा अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून. शिरो फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा रुग्णांची पडजीभ, टाळूची मऊ कड आणि घशातला जादा भाग कापून वाट मोकळी केली. एकीकडे यंत्र, दुसरीकडे सुरी. यंत्र रोज रात्री लावायचं, सुरी एकदाच. तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय निवडलं असतं?

बऱ्याच रुग्णांनी सुरी निवडली. त्या निवडीचं पुढे काय झालं, ते मोजायला वैद्यकाला बरीच वर्षं लागली. ही त्या मोजणीची गोष्ट आहे.

घोरण्यात हसण्यासारखं काय आहे?

आपल्याकडे घोरणं हा विनोदाचा विषय. घोरणारा माणूस म्हणजे डाराडूर झोपलेला, सुखी माणूस. पण ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असलेला माणूस खरं तर झोपतच नाही. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू खाली येतो आणि श्वासाची वाट बंद होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, मोठा घोर काढून श्वास परत सुरू होतो. मग पुन्हा झोप, पुन्हा तेच. श्वास पूर्ण किंवा बराचसा अडला आणि ते किमान दहा सेकंद चाललं, तर तो एक अडथळा धरतात. तासाला असे तीसहून अधिक अडथळे आले, तर आजार तीव्र. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. फक्त दिवसभर डोळे मिटत राहतात.

हा लांबच्या श्रीमंत देशांतला आजार आहे असं समजू नका. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात झोपेतले अडथळे आणि दिवसाची पेंग या दोन्ही गोष्टी असलेल्यांचं प्रमाण ७.५ टक्के निघालं. म्हणजे साधारण तेरा-चौदा पुरुषांमागे एक.

माझे मामा त्या एकांतले. ते टुरिस्ट गाडी चालवतात, त्यामुळे ‘दिवसा डोळे मिटतात’ हे वाक्य आमच्या घरात कुणी हसण्यावारी नेलं नाही. चाचणीचा रिपोर्ट आला, उपचारांचे पर्याय समोर आले आणि मामांनी एकच प्रश्न विचारला, “एकदा कापलं की कायमचं सुटलो ना?” त्याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. मी शोधायला लागलो आणि शोधता शोधता पन्नास वर्षं मागे गेलो.

कुणालाच नको असलेलं उत्तम ऑपरेशन

डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्याही झोपतो. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अतिलठ्ठ, सतत पेंगणाऱ्या रुग्णांच्या आजाराला त्या कादंबरीवरूनच ‘पिकविकियन सिंड्रोम’ असं नाव दिलं. तेव्हा समज असा होता की चरबीच्या ओझ्याने श्वास उथळ होतो आणि त्यामुळे माणूस पेंगतो. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांची झोप यंत्रावर नोंदवली, तेव्हा श्वास रात्रभर वारंवार थांबतो हे कागदावर उमटलं.

वाट घशात बंद होत असेल, तर घशाच्या खालून नवी वाट काढायची. १९६९ मध्ये जर्मनीत कूलो आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. मानेत पुढून भोक पाडून थेट श्वासनलिकेत नळी बसवली. याला ट्रॅकिओस्टोमी म्हणतात. दिवसा भोकावर बूच लावायचं म्हणजे बोलता येतं, रात्री उघडायचं म्हणजे श्वास घेता येतो. रुग्णांची पेंग गेली. पण मानेत भोक घेऊन जगणं म्हणजे रोजची सफाई, जंतुसंसर्गाची टांगती तलवार, पोहणं बंद आणि समोरच्या प्रत्येकाची नजर गळ्यावर.

म्हणून १९८१ ची सुरी लोकांना वरदान वाटली. फुजितांच्या ऑपरेशनचं नाव जीभ वळवणारं आहे, युव्ह्युलोपॅलॅटोफॅरिंजोप्लास्टी. सगळे यूपीपीपी म्हणतात. काही आठवडे घसा भयंकर दुखतो, पण बाहेरून काही दिसत नाही, गळ्यात नळी नाही. आणि घोरणं थांबतं.

१९८८: मोजदाद सुरू होते

सात वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘चेस्ट’ या नियतकालिकात दोन अभ्यास आले. दोघांनीही पेंग किंवा घोरणं मोजलं नाही. मेले किती, हे मोजलं.

पहिल्या अभ्यासात पार्टिनेन, जेमिसन आणि गिलेमिनो यांनी १९८ रुग्णांचा पाच वर्षांचा मागोवा घेतला. त्यांतल्या ७१ जणांची ट्रॅकिओस्टोमी झाली होती. उरलेल्या १२७ जणांना वजन कमी करायला सांगितलं होतं. पाच वर्षांत १४ मृत्यू झाले आणि ते सगळेच्या सगळे त्या १२७ मधले. गंमत म्हणजे, गळ्यात भोक पाडलेले रुग्ण मुळात जास्त लठ्ठ होते आणि त्यांचा आजारही जास्त तीव्र होता.

दुसरा अभ्यास ३८५ पुरुषांचा. ज्यांचा श्वास तासाला वीसपेक्षा जास्त वेळा थांबत होता आणि ज्यांच्यावर उपचार झाले नव्हते, त्यांच्यात आठ वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण ६३ टक्के. वीसपेक्षा कमी वेळा थांबणाऱ्यांत ९६ टक्के. ट्रॅकिओस्टोमी केलेल्या किंवा हवेचं यंत्र लावणाऱ्या रुग्णांपैकी कुणीही दगावलं नव्हतं. यूपीपीपी झालेल्यांचं काय? त्यांच्या जगण्याचं प्रमाण उपचार न घेतलेल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडलेले हे अभ्यास नव्हते, त्यामुळे यांवरून शेवटचा निकाल देता येत नाही. तरी एक गोष्ट उघडी पडली. जे ऑपरेशन कुणालाच नको होतं ते माणसांना जगवत होतं, आणि जे सगळ्यांना हवं होतं त्याचा तसा पुरावा सापडत नव्हता.

कारण शरीररचनेत आहे. ट्रॅकिओस्टोमी अडथळ्याला पूर्ण वळसा घालते. यूपीपीपी फक्त टाळूजवळची जागा वाढवते. खाली जिभेच्या मुळाशी वाट बंद होत असेल, तर वर कितीही कापलं तरी श्वास अडणारच. पण आवाज मुख्यतः मऊ टाळू आणि पडजीभ थरथरल्यामुळे येतो, आणि तीच कापलेली असतात. म्हणजे घोरणं जातं आणि आजार राहू शकतो. डॉक्टर याला ‘मूक ॲप्निया’ म्हणू लागले. शेजारी झोपणाऱ्या बायकोला वाटतं, सुटलो एकदाचे. प्रत्यक्षात आग तशीच असते, फक्त घंटा काढून ठेवलेली.

‘यशस्वी’ म्हणजे नेमकं काय?

स्वीडनमध्ये लार्सन आणि सहकाऱ्यांनी एक सरळ गोष्ट केली. यूपीपीपी झालेल्या ५० रुग्णांना पुन्हा पुन्हा चाचणीला बोलावलं. सहा महिन्यांनी ६० टक्के रुग्णांना चांगला फायदा झालेला दिसला. एकवीस महिन्यांनी ३९ टक्के. सुमारे चार वर्षांनी ५० टक्के. माणसं तीच, ऑपरेशन तेच, पण कधी विचारलं त्यावर उत्तर बदलत होतं. १९९६ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा यूपीपीपीचं यश ४१ टक्क्यांच्या आसपास निघालं.

त्यातही ‘यश’ या शब्दाची व्याख्या बघा. पुढे रूढ झालेला निकष असा: अडथळे निम्म्याने कमी व्हावेत आणि तासाला वीसच्या खाली यावेत. समजा तुमचे अडथळे ३८ वरून १९ वर आले. कागदावर ऑपरेशन यशस्वी. पण १५ ते ३० अडथळे म्हणजे मध्यम तीव्रतेचा आजार, हेही वैद्यकाचंच वर्गीकरण आहे. यशस्वी झालेला रुग्ण अजून रुग्णच असतो.

सगळ्याच सुऱ्या सारख्या नसतात, हेही खरं. स्टॅनफर्डच्या रायली आणि पॉवेल यांनी वरचा आणि खालचा जबडा कापून पुढे आणण्याचं ऑपरेशन विकसित केलं. जबडा पुढे आला की टाळू आणि जीभ दोन्ही ताणून पुढे येतात. त्यांच्या ४० रुग्णांचा मागोवा २००० साली छापला गेला; सरासरी चार वर्षांनंतरही ३६ जणांचा फायदा टिकला होता. किंमत मात्र मोठी. हाडं कापायची, ओठ-हनुवटीला बधिरपणा येऊ शकतो, चेहऱ्याची ठेवणही बदलते.

यंत्र कपाटात असेल तर?

इथवर वाचून वाटेल, सुरी हरली आणि यंत्र जिंकलं. मलाही तसंच वाटलं होतं, २००४ चा एक अभ्यास हाती येईपर्यंत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून वीव्हर आणि सहकाऱ्यांनी यंत्र दिलेले १८,७५४ आणि यूपीपीपी झालेले २,०७२ रुग्ण ताडून पाहिले. वय आणि इतर आजारांचा हिशेब धरल्यावर यंत्रवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी जास्त निघाला.

१९८८ च्या बरोबर उलट! पण नोंदींत एक गोष्ट नव्हती: यंत्र दिलं होतं, ते लावलं किती जणांनी? २०१६ मधल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ रुग्णांत, यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं गेलं आणि हार्ट अटॅक वगैरे कमी झालेले दिसले नाहीत. अर्धवट ऑपरेशन निदान रात्रभर सोबत असतं. कपाटातलं यंत्र शून्य तास.

२०१४ पासून एक तिसरा मार्ग गाजतोय. छातीत बसवलेलं छोटं यंत्र झोपेत जिभेच्या नसेला हलका विद्युत झटका देतं आणि जीभ पुढे सरकते. त्याच्या एका चाचणीत १२६ रुग्ण होते. पाच वर्षांनी झोपेची चाचणी ७१ जणांची झाली आणि त्यांतले ७५ टक्के ‘यशस्वी’ ठरले. मध्येच सुटलेल्यांची शेवटची उपलब्ध नोंद धरली, तर आकडा ६३. दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत कुठला येईल, ते सांगायला नको.

मामांना मी हे सगळं एवढं लांबवून सांगितलं नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे, एवढं सांगितलं. कायमचं सुटता येईलच असं नाही, यंत्रानेही नाही आणि सुरीनेही नाही. वजन वाढतं, वय वाढतं, घसा पुन्हा सैल पडतो. त्यामुळे तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल आणि ऑपरेशनचा विषय निघाला, तर डॉक्टरांना नुसतं ‘यश किती टक्के?’ विचारू नका. यश म्हणजे तासाला किती अडथळे, ऑपरेशननंतर किती वर्षांनी मोजलेले, आणि माझी वाट नेमकी कुठे बंद होते आहे, हे विचारा. ऑपरेशन झालंच, तर काही महिन्यांनी झोपेची चाचणी पुन्हा करा, आणि काही वर्षांनी आणखी एकदा. घोरणं थांबलेलं असलं, तरीही.