खिडक्यांच्या बसवणीतील दोष
नव्याने बसवलेल्या खिडकीतून पाणी झिरपणे, तिचे दार अडकणे किंवा ती बंद असतानाही वारा आत येणे ही सदोष बसवणीची लक्षणे होत. पनवेल तालुक्यातील ओवे व लगतच्या खारघर परिसरातील बहुमजली इमारतींत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या सर्रास आढळतात. कोकणातील पाऊस वाऱ्यासोबत तिरपा येत असल्याने असे दोष बहुधा पहिल्या पावसाळ्यातच उघड होतात.

चौकटीचे दोन्ही कर्ण मोजल्यावर समान न आल्यास ती तिरकी बसली आहे असे समजावे. खालच्या पट्टीत ओतलेले पाणी बाहेर न जाता साचले, तर निचऱ्याची छिद्रे सिमेंटने बुजलेली असू शकतात. हा दोष दुरुस्तीस सोपा आहे. चौकट व भिंत यांमधील सांध्यातून येणारे पाणी अधिक त्रासदायक ठरते. आतून रंग दिल्याने ओल केवळ झाकली जाते. सांधा बाहेरून सिलिकॉनने भरावा लागतो. काचेच्या आतील बाजूस बाष्प जमणे हा मात्र सहसा बसवणीचा दोष नसतो.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला कारागिरीचा दोष प्रवर्तकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. घरमालकाने स्वतः बदलून घेतलेल्या खिडक्या या तरतुदीत येत नाहीत.