पाहुणी म्हणून आलेली राणी

पर्ल हार्बर म्हटलं की शाळेतला धडा आठवतो. 1941 साली जपानने तिथं बॉम्ब टाकले आणि अमेरिका युद्धात उतरली. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट त्याच्या तीस वर्षं आधीची, तिथल्या एका उद्घाटनाची.

हवाई बेटांवरच्या लोकांसाठी हे बंदर म्हणजे पुउलोआ. तिथल्या शिंपल्यांत मोती सापडायचे. काठाला बांध घालून केलेली मासळीची तळी होती. काआहुपाहाउ नावाची शार्कदेवी तिथं राहते आणि माणसांना सांभाळते, अशी श्रद्धा होती. आपल्याकडे पाण्यात साती आसरा असतात, तसंच.

मग मध्ये साखर आली. हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जावी, ही तिथल्या गोऱ्या ऊसमळेवाल्यांची गरज. त्या कराराच्या बदल्यात 1887 साली राजा कालाकाउआने या बंदरावरचा हक्क अमेरिकेला दिला. त्याची बहीण लिलिउओकलानी हिला ते पटलं नव्हतं. पुढे तीच राणी झाली आणि 1893 मध्ये मळेवाल्यांच्या गटाने तिला गादीवरून काढलं. अमेरिकी नौसैनिक तेव्हा होनोलुलूत उतरलेले होते. नव्या सरकारचा प्रमुख झाला सॅनफर्ड डोल. 1895 मध्ये तर राणीला तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या एका खोलीत कैद केलं.

त्या खोलीत तिने काय केलं? गोधडी शिवली! सोबतच्या बायकांना घेऊन, रेशमी तुकडे जोडून. तिच्यावर नावं भरली, तारखा भरल्या, हवाईचे झेंडे भरले. आपल्या गटातल्या गोधड्या बघताना आम्हाला ही राणी हटकून आठवते.

1898 मध्ये अमेरिकेने बेटंच ताब्यात घेतली. बंदराच्या तोंडाशी प्रवाळाचा उथळ बांध होता, मोठी जहाजं आत जात नसत. तो खोदून वाट केली आणि 14 डिसेंबर 1911 रोजी ‘कॅलिफोर्निया’ ही युद्धनौका समारंभाने आत आली. नौकेवर निमंत्रित पाहुणे होते. त्यांत त्र्याहत्तर वर्षांची लिलिउओकलानी होती, आणि डोलही होता. एकाच जहाजावर, एकाच सोहळ्याला.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक ताई चिडून म्हणाल्या, “मग ती गेलीच कशाला?” बराच वेळ वाद झाला. कुणी म्हणालं, मान दिला म्हणून गेली. आम्हाला तसं वाटत नाही. आपल्या शेडच्या उद्घाटनाला आपल्यालाच मागच्या रांगेत बसवतात, तरी आपण जातोच ना? आपल्या पाण्यात काय चाललंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती गेली असावी.

आत जहाजं दुरुस्त करायची सुकी गोदी 1909 पासून बांधली जात होती. फेब्रुवारी 1913 मध्ये खालच्या पाण्याच्या दाबाने ती ढासळली. इंजिनिअरांनी रचना बदलली. गावातले लोक मात्र म्हणाले, शार्कदेवीच्या घरावर बांधलं, दुसरं काय होणार!

गोदी पुन्हा बांधली आणि 21 ऑगस्ट 1919 रोजी तिचंही थाटात उद्घाटन झालं. अमेरिकेचे नौदलमंत्री जोसेफस डॅनिअल्स आले होते. राणी त्याआधीच, नोव्हेंबर 1917 मध्ये वारली होती. तिची गोधडी आजही इओलानी राजवाड्यात आहे.