रोड आयलंड गिरणीपद्धती
रोड आयलंड गिरणीपद्धती : अमेरिकेच्या ईशान्य भागातील रोड आयलंड राज्यात १७९० नंतर रूढ झालेली सूतगिरणी चालविण्याची पद्धती. तिचा प्रवर्तक सॅम्युएल स्लेटर (१७६८–१८३५) हा मूळचा इंग्लंडमधील बेल्परचा. १७८३ मध्ये तो जेडिडाया स्ट्रट याच्या गिरणीत उमेदवार म्हणून लागला. स्ट्रट हा सूतकताई यंत्राचा जनक रिचर्ड आर्कराइट याचा एके काळचा भागीदार. साडेसहा वर्षांच्या उमेदवारीत स्लेटरने यंत्रांबरोबरच देखरेखीचे कामही आत्मसात केले. कुशल कारागिरांचे देशांतर व यंत्रांची निर्यात यांस त्या वेळी इंग्लंडात कायद्याने बंदी असल्यामुळे १७८९ मध्ये तो कोणतेही आराखडे न घेता गुप्तपणे अमेरिकेस गेला.

पॉटकेट येथे मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याच्या साहाय्याने त्याने आर्कराइट धर्तीची यंत्रे उभारली. डिसेंबर १७९० मध्ये ती जलशक्तीवर चालू झाली. त्याने स्मरणातून आणलेल्या गोष्टींत गिरणीत कामास कोणी असावे, याचाही आराखडा होता, याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. पॉटकेटचे पहिले कामगार म्हणजे सात ते बारा वर्षे वयाची नऊ मुले. सबंध कुटुंबास कामावर घेणे, गिरणीलगत घरे बांधणे, मुलांसाठी रविवारची शाळा चालविणे या स्ट्रटकडील प्रथा स्लेटरने पुढे चालविल्या. शाळा रविवारी भरे, कारण उरलेले सहा दिवस मुले यंत्रांवर असत.

सर्वच वारसा तेथे रुजला नाही. करारबद्ध उमेदवार ठेवण्याचा प्रयोग लवकरच सोडून द्यावा लागला व कुटुंबांवरील भिस्त वाढली. आर्कराइटची यंत्रे केवळ सूत काढणारी होती. त्यामुळे विणकाम दीर्घकाळ गिरणीबाहेर, हातमागांवरच राहिले. स्लेटरच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिरांनी आसपासच्या नद्यांकाठी स्वतःच्या गिरण्या काढल्या, तेव्हा ही मर्यादाही त्यांच्याबरोबर गेली. उलट, १८१३ मध्ये वॉल्थम येथे गिरणी स्थापणारा फ्रान्सिस कॅबट लोएल हा व्यापारी होता. त्याने ब्रिटिश गिरण्या पाहिल्या होत्या, पण त्यांत नोकरी केली नव्हती. त्याने कताई व विणाई एकाच छपराखाली आणली आणि मुलांऐवजी शेतकरी कुटुंबांतील तरुणींना वसतिगृहांत ठेवून कामास लावले.

यंत्रमाग रोड आयलंडमध्ये १८१७ च्या सुमारास आले. १८२४ मध्ये पॉटकेटच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन कामाचा दिवस तासाने वाढविण्याचे व विणकाम करणाऱ्या स्त्रियांची मजुरी कमी करण्याचे ठरविले, तेव्हा सुमारे शंभर स्त्रियांनी काम बंद केले. अमेरिकेतील गिरणीकामगारांचा हा पहिला संप मानला जातो.