माळ कधीच रिकामा नसतो

वडवणीच्या रस्त्यावर हिरवा ट्रॅक्टर दिसला की लहान पोरही ‘जॉन डिअर’ म्हणतं. कंपनीचं नाव सगळ्यांना पाठ आहे. पण जॉन डिअर नावाचा एक माणूस होता, तो लोहार होता आणि कर्जबाजारी होऊन गाव सोडून निघाला होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्याचा जन्म १८०४ सालचा, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या व्हरमाँट राज्यातला. तिथे धंदा बसेना, देणी वाढत गेली. १८३६ मध्ये तो पश्चिमेला निघाला आणि इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर नावाच्या छोट्या वस्तीत त्याने भट्टी लावली. बायकापोरं नंतर आली. तिथली जमीन काळी आणि भयंकर चिकट. पूर्वेकडून आलेले शेतकरी जे नांगर घेऊन आले होते त्यांना ही माती चिकटून बसायची. थोडं नांगरलं की थांबा, माती खरवडा, पुन्हा नांगरा. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातून चालताना चपलेखाली जो गोळा जमतो, तो ज्याने अनुभवलाय त्याला ही अडचण समजावून सांगायची गरज नाही.

१८३७ मध्ये डिअरने मोडक्या करवतीचं पोलादी पातं घेतलं, त्याला बाक दिला, घासून गुळगुळीत केलं आणि नांगराला बसवलं. माती त्यावरून घसरून पडू लागली. १८४८ मध्ये त्याने मिसिसिपी नदीकाठच्या मोलीन गावी कारखाना नेला. पुढे मुलगा चार्ल्सने कारभार हाती घेतला. लोहाराच्या भट्टीतून घराणं उभं राहिलं, घराण्यातून कंपनी. आज त्या कंपनीचे ट्रॅक्टर पुण्याजवळच्या सणसवाडीतही बनतात.

अमेरिकेत अशा हजारो घराण्यांचे इतिहास लिहिले गेलेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. पूर्वज गरीब होते, पश्चिमेला गेले, जमीन ओसाड होती, घाम गाळला, नंदनवन झालं. यातला घाम खरा असतो. ‘ओसाड’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो.

मोलीनला लागून रॉक आयलंड आहे. तिथे सॉक लोकांचं साउकेनुक नावाचं मोठं गाव होतं. त्या गावच्या बायका शेकडो एकरांवर मका, घेवडा आणि भोपळा पिकवत. १८०४ मध्ये, म्हणजे डिअर जन्मला त्याच वर्षी, सॉक जमातीच्या मोजक्या माणसांकडून एका करारावर खुणा करून घेण्यात आल्या आणि ही सगळी जमीन अमेरिकी सरकारच्या नावावर झाली. ज्यांनी खुणा केल्या त्यांना तसा अधिकारच नव्हता, असं जमातीचा लढवय्या ब्लॅक हॉक शेवटपर्यंत म्हणत राहिला. १८३२ मध्ये तो हजारेक बायकापुरुष, मुलं-म्हातारी घेऊन नदी ओलांडून आपल्या मुलखात परतला. त्याच्या पाठलागावर फौज पाठवली गेली. त्या मोहिमेसाठी भरती झालेल्यांत तेवीस वर्षांचा अब्राहम लिंकनही होता. ऑगस्टमध्ये बॅड अॅक्स नदीजवळ या लोकांना गाठून मारलं गेलं. त्यानंतर चारच वर्षांनी जॉन डिअर इलिनॉयला पोचला. त्याच्यासाठी जमीन ‘मोकळी’ होती, कारण ती नुकतीच मोकळी करण्यात आली होती.

आता आपल्याकडे येऊ. मराठी मुलखात असाच माळावर वस्ती करणारा, नांगर बनवणारा आणि घराणं उभं करणारा माणूस शोधायचा तर लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी थांबावं लागतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नव्हते. रंग सोडले, रेषा धरल्या, यंत्रांची ड्रॉइंगं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून ते बेळगावला परतले. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचं दुकान १८८८ पासूनच सुरू होतं.

कडबा कापायच्या यंत्रानंतर १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला. तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षं गेली. जरा जम बसतोय तोवर नगरपालिकेने गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितली.

इथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते १९०९ मध्ये गादीवर बसले होते. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली. माळ होता, निवडुंग माजलेला, साप भरपूर. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथे जाऊन राहिली. तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं.

घराण्याच्या इतिहासात निवडुंग ठळक राहिला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीतून १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन आले. वडिलांच्या नांगराच्या कारखान्यातून त्यांनी पंप, यंत्रं आणि डिझेल इंजिनांचा मोठा उद्योग उभा केला. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कॅक्टस अँड रोझेस’. आधी निवडुंग, मग गुलाब.

हे खोटं नाही. पण साच्याबाहेरचे तपशील मांडून पाहा. जमीन राजाने दिली. भांडवलही राजाकडून आलं. माळाला लागून रेल्वे होती, म्हणून सांगलीकडचा नांगर दूरदूरच्या बाजारात पोचला. रेल्वे म्हणजे काय, हे बीडच्या माणसाने सांगायला नको. बीड शहरात गाडी यायला स्वातंत्र्यानंतरही पिढ्या गेल्या. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. गाव ज्यांना चोर म्हणायचं, त्यांच्या भरवशावर वाडी झोपायची. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. यातलं काहीही लक्ष्मणरावांना छोटं करत नाही. उलट, एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टीपेक्षा या गोष्टीतला माणूस जास्त खरा वाटतो.

मग हे सगळं आपल्याला कळलं कसं? कारण घरात छापखाना होता. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याच्या बातम्यांचं पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकररावांनी ‘शंवाकीय’ नावाने आत्मचरित्रही लिहिलं. नांगर करणाऱ्यांच्या घरात लिहिणारेही निपजले, म्हणून त्यांची वंशावळ महाराष्ट्राला माहीत झाली.

याच भागात, कुंडल-पलूसच्या शिवारात आज उसाचं रान आहे. आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, केज भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव. फडाजवळच्या मोकळ्या जागेत कोपी उभी राहते, चूल मांडली जाते, तिथेच लेकरं वाढतात. कारखान्याचा पट्टा पडला की कोपी मोडून परत.

माळावर जाऊन राहणं, उघड्यावर संसार मांडणं, साप-विंचवात रात्र काढणं हेच निकष असतील, तर वडवणी तालुक्यात वसाहतकार घराण्यांची कमी नाही. फरक इतकाच की त्यांनी वसवलेली वस्ती सहा महिन्यांत मोडते आणि त्यांची एकमेव लेखी नोंद मुकादमाच्या वहीत असते. त्या वहीत उचलीचा आकडा असतो. आजी कुठल्या साली पहिल्यांदा फडावर गेली, हे नसतं.

कुणबी नोंदींच्या निमित्ताने २०२३ पासून मराठवाड्यात अनेक घरांनी निजामकाळातले कागद पहिल्यांदाच उघडले. उर्दूतले, मोडीतले. खापरपणजोबाचं नाव सापडल्यावर माणसं हरखून गेली. पण जमिनीचे कागद जमीन असणाऱ्यांचीच नावं सांगतात. ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता त्यांचा इतिहास त्या दप्तरात सापडत नाही, आणि बायकांचा तर सहसा नाहीच. तो अजून माणसांच्या तोंडी आहे. या माणसांची वयं आता सत्तर-ऐंशी आहेत.

त्यांना साल विचारलं तर सांगता येणार नाही. मग रझाकाराच्या वेळचं घरात काय ऐकलं होतं ते विचारावं, ते १९४८ चं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेला होता, ते विचारावं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा घरात कोण कोण होतं, ते विचारावं, ते १९९३. अशा तीन-चार खुंट्या मिळाल्या की आयुष्यभराच्या आठवणी त्यांना अडकवता येतात.

ब्लॅक हॉक लढाई हरला, कैदेत गेला, गावही गेलं. पण १८३३ मध्ये त्याने एका दुभाष्याला समोर बसवून आपली सगळी हकिकत सांगितली. ती त्याच वर्षी छापली गेली आणि आजही वाचली जाते. त्या एका सांगण्यामुळे मोलीनजवळची जमीन रिकामी होती, असं आता कुणाला बिनधास्त म्हणता येत नाही.

त्याला दुभाषा लागला, किर्लोस्करांना छापखाना. तुमच्या हातातल्या फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे, आणि आजीची भाषा तुम्हाला कळते. सुरुवात एका साध्या प्रश्नाने करता येईल: आजी, तुझी पहिली कोपी कुठल्या गावच्या शिवारात होती?