हौशी मासेमारी : सामाजिक व आर्थिक अभ्यास

हौशी मासेमारी म्हणजे उपजीविकेसाठी किंवा विक्रीसाठी नव्हे, तर विरंगुळा, कौशल्याची कसोटी आणि पाण्याकाठचा सहवास यांच्या ओढीने, बहुधा गळाने केलेली मासेमारी होय. ती कोण करतात, तिच्यासाठी किती वेळ व पैसा खर्च करतात, त्यांना तिच्यातून काय मिळते आणि तिचे लाभ व तोटे काठावरच्या समाजात कसे वाटले जातात, या प्रश्नांचा शोध अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि मत्स्यविज्ञान या शाखा विसाव्या शतकाच्या मध्यापासून एकत्रितपणे घेत आल्या आहेत. जागतिक बँकेच्या २०१२ च्या अहवालात जगभरातील हौशी मासेमारांची संख्या सुमारे २२ कोटी धरली असून औद्योगिक देशांत लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के लोक हा छंद जोपासतात असे आढळते. इतक्या मोठ्या समूहाच्या वर्तनाचा परिणाम माशांवर आणि माणसांवर होत असल्यामुळे केवळ माशांची मोजदाद करून जलाशयांचे व्यवस्थापन साधत नाही, ही या अभ्यासशाखेची मूळ भूमिका आहे.

व्याख्या व सीमारेषा : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, धरलेले मासे हे त्या व्यक्तीच्या पोषणाचे मुख्य साधन नसतील आणि सामान्यतः बाजारात विकले जात नसतील, तर ती मासेमारी हौशी ठरते. या व्याख्येत मासे खाण्यास मज्जाव नाही. कोकणातील खाडीकाठी सुट्टीच्या दिवशी गरवायला बसणारा माणूस मिळालेली मासळी घरी नेऊन तिचे कालवण करतो, तरीही त्याचे गरवणे हौशीच असते. मात्र ज्या कुटुंबाची रोजची गरज त्याच मासळीवर भागते, त्याची मासेमारी निर्वाहाची ठरते. हौस आणि निर्वाह यांच्यामधील ही रेषा अनेक देशांत पुसट असून, ती कोठे ओढावी यावर परवाने, निर्बंध व हक्क अवलंबून असल्याने तिचा अभ्यास शास्त्रीय वर्गीकरणापुरता मर्यादित राहत नाही.

अभ्यासाचा उदय : इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला, तर हेन्री सलिव्हन टॉमस यांनी भारतातील गळाच्या मासेमारीवर लिहिलेला ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये निघाला, परंतु हे साहित्य छंदाचे वर्णन व मार्गदर्शन करणारे होते. पद्धतशीर पाहणीला चालना मिळाली ती अमेरिकेत. तेथे १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील उत्पादनशुल्क राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे वळवले आणि जो पाण्याचा उपभोग घेतो त्यानेच त्याच्या जपणुकीचा भार उचलावा, हे तत्त्व रूढ केले. त्यामुळे हौशी मासेमार किती आणि ते किती खर्च करतात हे जाणणे शासनाला आवश्यक झाले, व १९५५ पासून तेथे ठरावीक वर्षांनी राष्ट्रीय पाहणी होऊ लागली. २०१६ च्या पाहणीत १६ वर्षांवरील ३.५८ कोटी अमेरिकनांनी त्या वर्षी मासेमारी केल्याचे आणि तिच्यावर सुमारे ४,६१० कोटी डॉलर खर्च केल्याचे नोंदले गेले. कॅनडातही १९७५ पासून दर पाच वर्षांनी अशी पाहणी घेण्याची परंपरा आहे.

आर्थिक मूल्यमापन : खर्चाचे असे आकडे वारंवार उद्धृत होतात, पण खर्च आणि मूल्य या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे सरोवर प्रदूषित झाले, तर तेथे येणारे मासेमार आपला पैसा दुसऱ्या ठिकाणी किंवा दुसऱ्या छंदावर खर्च करतील, त्यामुळे देशाच्या एकूण उलाढालीत फारसा फरक पडणार नाही; मात्र त्या सरोवराकाठच्या खाणावळी, नावाडी व आमिषविक्रेते यांचे उत्पन्न बुडेल आणि मासेमारांचे समाधानही हिरावले जाईल. यांपैकी स्थानिक उत्पन्नाचा माग आदान-प्रदान विश्लेषणाने घेतला जातो, म्हणजे एका व्यवसायात आलेला पैसा पुढे कोणकोणत्या व्यवसायांत फिरतो हे कोष्टकांच्या आधारे काढले जाते. समाधानाचे मोल मात्र उपभोक्त्याच्या संतोषाधिक्यातून, म्हणजे माणूस जितके पैसे द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जितके देतो त्यांतील फरकातून, मोजावे लागते.

नदीकाठी बसण्याला बाजारभाव नसल्याने हे मोजमाप आडमार्गाने करावे लागते. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात सुचवले की, दूरच्या लोकांना येण्याचा खर्च अधिक पडत असल्यामुळे अंतरागणिक घटत जाणाऱ्या भेटींवरून त्या स्थळाची मागणी ठरवता येईल. मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये या कल्पनेला व्यवहार्य रूप दिले व ती प्रवासखर्च पद्धती म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे डॅनिएल मॅकफॅडन यांच्या निवडविषयक सिद्धांताच्या आधारे, अनेक जलाशयांपैकी मासेमार एकच का निवडतो आणि पाणी स्वच्छ झाले किंवा मासे वाढले तर ती निवड कशी बदलते, हे अभ्यासणे शक्य झाले. जेथे वर्तनावरून अनुमान काढता येत नाही, तेथे काल्पनिक परिस्थिती मांडून लोकांना त्यांची पैसे देण्याची तयारी विचारली जाते. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर नुकसानीचे मोल ठरवताना या पद्धतीच्या विश्वासार्हतेवर मोठा वाद झाला आणि केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये तिच्यासाठी कडक निकष सुचवले.

सामाजिक अभ्यास : हॉब्सन ब्रायन यांनी १९७७ मध्ये ट्राउट मासे धरणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करून त्यांचे चार गट पाडले : अधूनमधून येणारे, कोणत्याही साधनाने मासा मिळवू पाहणारे, विशिष्ट तंत्राला वाहून घेतलेले आणि विशिष्ट तंत्राइतकाच विशिष्ट प्रवाहाचाही आग्रह धरणारे. अनुभव वाढत जातो तसा माशांच्या संख्येचा सोस कमी होतो, पाण्याच्या व परिसराच्या जपणुकीची आस्था वाढते आणि समछंदी मंडळींचा एक स्वतंत्र समाज घडतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. या व नंतरच्या अभ्यासांतून असे दिसले की शांतता, सोबत, निसर्ग आणि रोजच्या धबडग्यातून सुटका यांना बरेच मासेमार माशाइतकेच, कधी त्याहून अधिक, महत्त्व देतात. त्यामुळे ‘सरासरी मासेमार’ डोळ्यांसमोर ठेवून केलेला नियम प्रत्यक्षात कोणाच्याच गरजेला पुरा पडत नाही.

मासा पकडून जिवंत सोडण्याच्या प्रथेविषयीची मतभिन्नताही उद्बोधक आहे. ब्रिटन व अमेरिकेत ही प्रथा संवर्धनाची खूण मानली जाते, तर जर्मनीत प्राणिसंरक्षण कायद्यानुसार प्राण्याला वेदना देण्यास सबळ कारण लागत असल्याने केवळ मौजेसाठी मासा गळाला लावणे आक्षेपार्ह ठरते. म्हणजेच कृती एकच असूनही तिचा नैतिक अर्थ समाजागणिक बदलतो.

माहितीसंकलनातील अडचणी : व्यावसायिक मासळी ठरावीक बंदरांवर उतरते, पण हौशी मासेमार असंख्य काठांवर विखुरलेले असल्याने त्यांची पकड मोजणे कठीण असते. काठावर भेटणाऱ्यांत नेहमी येणाऱ्यांचे प्रमाण स्वाभाविकपणे जास्त पडते, तर घरी प्रश्नावली भरणाऱ्याला जुन्या फेऱ्या नेमक्या आठवत नाहीत. अमेरिकेच्या सागरी मत्स्यविभागाने २०१८ मध्ये दूरध्वनीऐवजी टपालाने पाहणी सुरू केल्यावर मासेमारीच्या फेऱ्यांचे अंदाज खूपच वाढले. पुढे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात प्रश्नांचा क्रम बदलताच ते ३० ते ४० टक्क्यांनी उतरले. अशा अंदाजांवर लोकांच्या पोटापाण्याचे निर्णय होत असतात. मेक्सिकोच्या आखातातील रेड स्नॅपर या तांबोशीच्या कुळातील माशाचा कोटा व्यावसायिकांना ५१ टक्के आणि हौशींना ४९ टक्के असा विभागलेला असून, तो हौशींच्या बाजूने झुकवण्याचा शासकीय निर्णय २०१७ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला.

कावेरीतील महसीर : भारतात या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण कर्नाटकातील कावेरी नदीचे आहे. बंगळुरूत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने नदीचे काही पट्टे राखले, तर भीमेश्वरी, दोड्डमकाळी व गालिबोरे येथील शिबिरांत देशोदेशींचे मासेमार महसीर या नदीतल्या माशासाठी येऊ लागले. धरलेला मासा सोडून देण्याचा दंडक होता. सुरुंग लावून किंवा जाळी टाकून चोरटी मासेमारी करणाऱ्यांपैकी काहींना वाटाडे व राखणदार म्हणून काम मिळाले आणि नदीतला जिवंत मासा गावाच्या मिळकतीचा आधार बनला. ही शिबिरे अभयारण्याच्या हद्दीत असल्याने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अन्वयार्थावरून तेथील मासेमारी २०१० च्या सुमारास थांबली, तेव्हा त्या मिळकतीबरोबर नदीवरची रोजची नजरही हटली.

याच मासेमारांनी ठेवलेल्या नोंदवह्यांतून पुढे महत्त्वाचे संशोधन झाले. एड्रियन पिंडर, राजीव राघवन व रॉबर्ट ब्रिटन यांनी १९९८ ते २०१२ या काळातील सुमारे २३,६०० तासांच्या मासेमारीच्या आणि ६,१०० हून अधिक महसीरांच्या नोंदी तपासल्या. माशांची संख्या वाढल्याचे दिसत होते. परंतु ती वाढ बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या परांच्या महसीरची होती आणि कावेरीचा मूळचा, आकाराने अवाढव्य असा वशिंडी महसीर नाहीसा होत चालला होता. वशिंडी महसीरची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आला.

या घटनेशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. निळ्या परांच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले होते. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने लोणावळ्याजवळील टाटा वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तेथील बीज देशातील अनेक पाण्यांत, कावेरीतही, सोडले गेले. महसीर घटत असताना केलेला हा प्रयत्न सद्‌हेतूचा होता. तथापि एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडल्याने तेथील स्थानिक जातीवर संकट येऊ शकते, हे भान नंतरच्या अभ्यासाने दिले.

महत्त्व : कावेरीच्या अनुभवातून या अभ्यासशाखेचे दोन निष्कर्ष ठळक होतात. हौशी मासेमारी नदीला राखणदार, निधी आणि दीर्घकालीन नोंदी मिळवून देऊ शकते. पण मासेमाराचे समाधान हेच यशाचे माप मानले, तर भरपूर मिळणाऱ्या माशांच्या आड एक संपूर्ण जात लोप पावत असल्याचे ध्यानात येत नाही. म्हणून पकडीची नोंद जातीनिहाय ठेवणे, मूल्यमापनात पाहुण्यांच्या समाधानाबरोबर काठच्या गावांच्या मिळकतीचा व हक्कांचा हिशेब मांडणे आणि बंदी किंवा परवानगीचा निर्णय घेण्यापूर्वी त्या गावांचे म्हणणे ऐकणे या गोष्टी अपरिहार्य ठरतात. निर्वाह, व्यवसाय आणि हौस एकाच पाण्यावर नांदत असलेल्या भारतासारख्या देशात असे संशोधन हा नदीविषयीच्या न्याय्य धोरणाचा पाया आहे.